वानलेसवाडी कुणाची?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी हा आठवड्यातल्या मोजक्या तासांचा विषय, आणि घरी ती फक्त बोलायची भाषा. त्यामुळे मराठी विभागाच्या मॅडमनी यंदा लेख मागितला तेव्हा मी सरळ इंग्लिश सेक्शनकडे पळायच्या तयारीत होते. पण गेल्या दिवाळीत एका माणसाची गोष्ट कळली आणि ती मराठीतच सांगावी असं वाटलं. कारण हा माणूस चोविसाव्या वर्षी समुद्र ओलांडून आला आणि इथे येऊन मराठी शिकला. मग मला विसाव्या वर्षी काय धाड भरली आहे? ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या पोटात घाला.

माझी रूममेट मिरजेची. आपल्या मराठवाड्यातल्या लोकांना मिरज आठवते ती बहुतेक २०१६ च्या उन्हाळ्यामुळे. लातूरच्या नळांना पाणी नव्हतं आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, म्हणजे साधारण पाच लाख लिटर पाणी. मी तेव्हा शाळेत होते आणि टीव्हीवर ती गाडी बघताना वाघिणी मोजल्याचं मला आठवतं. त्यापलीकडे मिरज म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. रूममेट म्हणायची की मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, एक तंतुवाद्यं आणि दुसरे दवाखाने. तंबोऱ्याचं मी समजू शकत होते. पण दवाखान्यांसाठी एखादं गाव प्रसिद्ध कसं होतं, हे कोडंच होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. रिक्षाने सांगलीला निघालो होतो आणि वाटेत रिक्षावाल्याने एका बाईंना विचारलं की वानलेसवाडीला उतरायचंय का. मला वाटलं, वान म्हणजे संक्रांतीचं वाण असेल, किंवा कुणी जुने वानले पाटील असतील. दुकानाच्या पाटीवर इंग्लिशमध्ये स्पेलिंग वाचलं आणि एकदम ट्यूब पेटली. हे तर कुणाचं तरी आडनाव आहे, आणि तेही गोऱ्या माणसाचं! रूममेटला विचारलं तर तिने खांदे उडवले. जन्मापासून तिथे राहते, पण कधी विचारच केला नाही म्हणे. (आपणही काही वेगळे नाही. पानचक्की, मकबरा दाखवायला पाहुण्यांना नेतो आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला की मोबाईल काढतो.)

उत्तर मिळालं ते तिच्या आजीकडून. आजींच्या आजोबांना मोतीबिंदू झाला होता. जत तालुक्यातल्या खेड्यातून त्यांना बैलगाडीत घालून मिशन दवाखान्यात आणलं होतं. येताना दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आलेला माणूस परत जाताना बैलांचे कासरे स्वतः धरून गेला. ही गोष्ट त्या घरात चार पिढ्या सांगितली जाते. आजींना डॉक्टरांचं पूर्ण नाव येत नव्हतं. त्या नुसतं वानलेससाहेब म्हणत होत्या, पण म्हणताना त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. परत हॉस्टेलला आल्यावर मी लायब्ररी पालथी घातली, आणि मग हा माणूस मला सोडेचना.

सर विल्यम जेम्स वॉनलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झाला. म्हणजे ते काही राजघराण्यातले किंवा लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळातले नव्हते. त्यांनी वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कमध्ये घेतलं आणि १८८९ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या परदेशी कामासाठी त्यांनी नाव दिलं आणि पत्नी मेरीसह हिंदुस्थानात येण्यासाठी जहाजात बसले. आपल्याकडे डिग्री मिळाल्यावर पोरं अमेरिकेला जायची स्वप्नं बघतात. हा गडी न्यूयॉर्कची डिग्री घेऊन सांगली संस्थानात आला. उलटा प्रवास!

तेव्हाचा दक्षिण महाराष्ट्र म्हणजे सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड अशी पटवर्धनांची लहान-लहान संस्थानं आणि शेजारी कोल्हापूरचं मोठं संस्थान. वैद्य होते, हकीम होते, एखाददुसरा इंग्रजी शिकलेला डॉक्टरही होता. मिरजेतच डॉ. भडभडे होते. लहान वयात फटाक्यांनी डोळे अधू झालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांना त्यांच्याकडेच आणलं होतं, आणि गाणं शिकण्याचा सल्लाही त्यांनीच दिला, हे संगीतवाल्यांना माहीत असेल. पण साध्या शेतकऱ्याला पोट फाडून गाठ काढायची असेल, मुतखड्याचं ऑपरेशन करायचं असेल, तर जवळपास सोय नव्हती. माणसं दुखणं अंगावर काढायची, नाहीतर नवस बोलायची.

वॉनलेस यांनी आधी सांगलीत छोटा दवाखाना सुरू केला, मग काही काळाने मुक्काम मिरजेला हलवला. इथे आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी कान टवकारावेत. मिरज का? तर मिरज जंक्शन होतं. पुण्याहून बेळगावकडे जाणारी मीटरगेज लाईन मिरजेवरून जात होती आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही तिला येऊन मिळाला. रुग्ण येणार कुठून आणि कसा, याचा विचार दवाखान्याच्या जागेआधी झाला. आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये साईट सिलेक्शन नावाचा एक चॅप्टर सीनियरच्या रिपोर्टमधून जसाच्या तसा उचलतो. या माणसाच्या बाबतीत त्याच चॅप्टरने पुढच्या सव्वाशे वर्षांचं मिरज ठरवलं.

जागा मिरजेच्या संस्थानिकांकडून मिळाली. पण दवाखाना बांधायला पैसा हवा होता आणि तो आला थेट फिलाडेल्फियाहून. देणगी देणाऱ्याचं नाव जॉन एच. कॉन्व्हर्स. हे नाव वाचून मी उडालेच, कारण हे गृहस्थ बाल्डविन लोकोमोटिव्ह वर्क्सचे भागीदार होते आणि पुढे त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात बाल्डविन हा जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. आपल्या रेल्वेची ती गोल नाकाची प्रसिद्ध डब्ल्यूपी इंजिनं आहेत ना, त्यातली १९४७ मधली पहिली इंजिनं याच कारखान्यातून आली. म्हणजे रेल्वे इंजिनं बनवणाऱ्याच्या पैशांतून रेल्वे जंक्शनवर दवाखाना उभा राहिला! कॉन्व्हर्स यांचा आणि जतच्या शेतकऱ्याचा काय संबंध? काहीच नाही. पण १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं आणि तो संबंध जोडला गेला.

आता जरा १८९४ साल डोळ्यांसमोर आणा. वीज नाही. एक्स-रे नाही, कारण राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले ते त्यानंतरच्या वर्षी, १८९५ मध्ये. पेनिसिलिनला अजून तीस-पस्तीस वर्षं अवकाश. रक्त चढवायची सोय नाही. हाताशी होतं ते क्लोरोफॉर्म, कार्बोलिक, उकळतं पाणी आणि स्वच्छतेचा कडक नियम. अशा परिस्थितीत वॉनलेस यांनी मोतीबिंदू, मुतखडा, पोटातल्या गाठी अशी ऑपरेशन्स सुरू केली. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांचं नाव सगळ्यात लवकर पसरलं. ते साहजिकच आहे. पोटाचं ऑपरेशन यशस्वी झालं तर घरच्यांना कळतं, पण आंधळा माणूस बघायला लागला की सगळ्या गावाला कळतं. जाहिरातीची गरजच नाही.

लोकांची भीती काही एका दिवसात गेली नसणार. परक्या देशाचा, परक्या धर्माचा माणूस, हातात सुरी, आणि आधी बेशुद्ध करणार! त्या काळातल्या अशा दवाखान्यांत नातेवाईक स्वतःची भांडी, स्वतःचं पाणी घेऊन यायचे, झाडाखाली चूल मांडायचे आणि आपल्या रुग्णाला आपल्याच हातचं जेवण द्यायचे. विटाळ होता, सोवळं होतं. पण वॉर्डात खाटा शेजारी-शेजारी होत्या आणि ड्रेसिंग करणारे हात सगळ्यांना तेच.

धर्माचं बोलायचं टाळणार नाही. वॉनलेस मिशनरी होते आणि आपण कशासाठी आलो हे त्यांनी लपवलं नाही. दवाखान्यात प्रार्थना व्हायची, ख्रिस्ताची शिकवण सांगितली जायची. यावर तेव्हाही लोक चिडायचे आणि आजही आपल्या कँटीनमध्ये हा विषय निघाला की दोन गट पडतील. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले असल्यामुळे मला दोन्ही बाजूंचं ऐकायची सवय आहे. सिस्टर्सनी मला शिस्त लावली, आणि घरी आल्यावर आजीने पोथी वाचून घेतली. मला स्वतःला एवढंच दिसतं की आजींचे आजोबा दृष्टी घेऊन परत गेले आणि शेवटपर्यंत वारीला जात राहिले. बाकीचा हिशोब ज्याने त्याने करावा.

खरी परीक्षा दवाखाना उघडल्यानंतर लगेच सुरू झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात धुमाकूळ घातला आणि मग रेल्वेच्या रुळांवरून तो गावोगाव पोहोचला. ज्या लाईनने रुग्ण यायचे त्याच लाईनने रोगही आला. पाठोपाठ १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. एक डॉक्टर, एक दवाखाना आणि समोर न संपणारी रांग. अशा वेळी माणूस काय करतो? रात्रंदिवस स्वतः काम करत राहतो आणि एक दिवस कोलमडतो, नाहीतर आणखी देणग्या मागत बसतो. वॉनलेस यांनी तिसरा रस्ता काढला. १८९७ मध्ये त्यांनी मिरजेत मेडिकल स्कूल सुरू केली. भारतातली ही पहिली मिशनरी मेडिकल स्कूल मानली जाते.

हा निर्णय वाचून मी पुस्तक बंद करून बराच वेळ बसले. हॉस्पिटल उघडून जेमतेम तीन वर्षं झालेली. हातात काम इतकं की श्वास घ्यायला फुरसत नाही. अशा वेळी इथल्या पोरांना बसवून शरीरशास्त्र शिकवायचं, नाडी बघायला शिकवायचं, क्लोरोफॉर्मचे थेंब किती आणि केव्हा टाकायचे हे समजावून सांगायचं. आजचं काम थोडं मागे पडेल, पण दहा वर्षांनी दहा ठिकाणी काम होईल, हा हिशोब त्यामागे होता. इथे शिकलेली मुलं पुढे ठिकठिकाणच्या दवाखान्यांत गेली. मिरजेत नर्सेसचंही प्रशिक्षण सुरू झालं. ज्या काळात मुलीने घराबाहेर नोकरी करणं म्हणजे गावभर चर्चा, त्या काळात मुली पांढऱ्या साडीत वॉर्डात उभ्या राहिल्या.

आता पैशाचं गणित बघू, कारण मला ते सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. मी इलेक्ट्रिकलची असले तरी हॉस्टेलच्या खिडकीतून सिव्हिलवाल्यांचं बांधकाम रोज बघते, त्यामुळे त्यांच्याच भाषेत सांगते. हा दवाखाना एका खांबावर उभा नव्हता. डॉक्टरांचा पगार अमेरिकेतलं मिशन बोर्ड द्यायचं. इमारतीला पैसा कॉन्व्हर्स यांनी दिला. जमीन संस्थानाने दिली. कुष्ठरोग्यांसाठी १९०० च्या सुमारास वेगळी वसाहत झाली, तिला मिशन टू लेपर्स या संस्थेचा आधार होता. वेलस्ली बेली नावाच्या एका आयरिश माणसाने ही संस्था १८७४ मध्ये सुरू केली होती. आणि सगळ्यात महत्त्वाचा खांब म्हणजे रुग्णांची फी. सावकार, सरदार, व्यापारी ऑपरेशनला आले की त्यांच्याकडून व्यवस्थित पैसे घेतले जायचे आणि गरिबाचं काम त्यातून निघायचं. श्रीमंताला चांगला डॉक्टर मिळायचा, गरिबालाही तोच डॉक्टर मिळायचा, फरक फक्त पावतीत.

यात एक बारीक गोष्ट आहे. फिलाडेल्फियाच्या देणगीदाराला पत्र लिहिलं तर ते आगबोटीने जाणार, उत्तर यायला महिने लागणार. रोजच्या कापसाला, औषधाला, साबणाला त्या उत्तराची वाट बघून कसं चालेल? म्हणून परदेशी पैसा उभारणीसाठी आणि रोजचा खर्च शक्यतो इथल्या उत्पन्नातून, अशी ही व्यवस्था होती. देणगी म्हणजे गाडीचा स्टार्टर. स्टार्टरवर गाडी पुण्यापर्यंत नेता येत नाही.

हळूहळू मिरजेचं नाव संस्थानांच्या सीमा ओलांडून गेलं. विजापूर, बेळगाव, कोल्हापूर, कोकण, सगळीकडून रुग्ण येऊ लागले. कानडी बोलणारे, मराठी बोलणारे, दख्खनी उर्दू बोलणारे एकाच रांगेत बसायचे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांशी वॉनलेस यांचा चांगला स्नेह होता. महाराजांनी आपला धर्म सोडला नाही आणि डॉक्टरांनी आपला, तरी दोघांचं जमलं. मला वाटतं दोघांनाही दुसऱ्याचं काम दिसत होतं.

याच मिशनचं दुसरं हॉस्पिटल कोकणात वेंगुर्ल्याला होतं. तिथले डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांचा वेंगुर्ल्यात १९१९ मध्ये जन्मलेला मुलगा पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परत आला. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर खेळलेलं पोर राजदूत होऊन दिल्लीत! हे विषयाशी थेट जोडलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

वॉनलेस यांचं खाजगी आयुष्य मात्र सोपं नव्हतं. त्यांच्यासोबत जहाजात बसून आलेल्या मेरी वारल्या. पुढे त्यांनी लिलियन यांच्याशी लग्न केलं. परदेशात, उन्हाळ्याच्या झळांत, प्लेगच्या गावात संसार करणं म्हणजे काय, याचा आपण अंदाजच करू शकतो. मला दर पंधरा दिवसांनी घरी जायला मिळालं नाही तर मी मेसच्या भाजीवर राग काढते. या माणसाचं घर अर्ध्या जगापलीकडे होतं आणि ते जवळजवळ चाळीस वर्षं इथे राहिले.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी क्षयरोगाचं काम हाती घेतलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन निघालं ते १९४० च्या दशकात. तोपर्यंत उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं अन्न. खोकणाऱ्या माणसाला घरचेच वेगळं टाकायचे. अशा रुग्णांसाठी मिरज आणि सांगलीच्या मधल्या मोकळ्या माळावर आरोग्यधाम झालं. त्या माळाभोवती वस्ती वाढली आणि तिला नाव पडलं वानलेसवाडी. म्हणजे ज्या जागी गावाने नाकाला पदर लावून जायचं, त्या जागेला लोकांनी डॉक्टरचं नाव दिलं. कोनशिला बसवून दिलेलं नाव लोक विसरतात. तोंडात बसलेलं नाव टिकतं, जरी तोंडात बसताना वॉनलेसचं वानलेस झालं तरी.

सरकारनेही दखल घेतली. कैसर-ई-हिंद पदक मिळालं आणि १९२८ मध्ये सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेला गेले. आपल्या कामावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९३२ मध्ये निघालं. ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. लिलियन यांनी नंतर त्यांचं चरित्र लिहिलं, ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता प्रश्न असा की संस्थापक गेल्यावर काय झालं? आपल्याकडे बहुतेक गोष्टी इथेच संपतात. मिरजेत संपली नाही. वॉनलेस असतानाच डॉ. चार्ल्स व्हेल यांच्यासारखे सर्जन तयार होते, त्यांनी काम पुढे नेलं. हॉस्पिटलला वॉनलेस यांचं नाव लागलं. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, आणि सुरुवातीच्या काळात तिथल्या विद्यार्थ्यांचं क्लिनिकल शिक्षण याच मिशन हॉस्पिटलच्या आधाराने झालं. विचार करा, मुंबई, पुणे, नागपूर ही मोठी शहरं, आपल्याकडे मराठवाड्याची घाटी १९५६ ची, आणि त्या यादीत मिरजेसारखं तालुक्याचं गाव! कारण तिथे शिकवण्याजोगं हॉस्पिटल आधीपासून उभं होतं. गाव दवाखान्यांसाठी प्रसिद्ध कसं होतं, या माझ्या कोड्याचं उत्तर हे. एका डॉक्टरने गाव प्रसिद्ध होत नाही. एका डॉक्टरने दुसरे डॉक्टर घडवले तर होतं.

इथे लेख संपवता आला असता. पण मला दुसरी एक कबुली द्यायची आहे आणि खरं तर त्यासाठीच हा लेख लिहिला.

सेकंड इयरला एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही काही जणांनी एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्राला सोलर लाईट बसवून दिला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक गावाची नाही, आमची आहे. तिथे संध्याकाळी लाईट गेली की बाळंतपण मोबाईलच्या टॉर्चवर व्हायचं. आम्ही वर्गणी काढली, एका सीनियरच्या ओळखीने पॅनल स्वस्तात मिळवलं, बॅटरी-इन्व्हर्टर जोडला. वायरिंग मी स्वतः केलं. नारळ फुटला, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. मी तो फोटो रेझ्युमेमध्येही टाकला.

मिरजेहून परत आल्यावर का कोण जाणे, पण मला त्या लाईटची आठवण झाली. एका रविवारी मैत्रिणीला घेऊन एसटीने गेले. लाईट बंद होता. कितीतरी महिन्यांपासून बंद होता. बॅटरीतलं पाणी आटलं होतं, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला होता आणि पॅनलवर धुळीचा असा जाड पापुद्रा की बोटाने नाव लिहावं. डिस्टिल्ड वॉटर टाकायचं असतं, पॅनल पुसायचं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही भिंतीवर सूचना चिकटवल्या होत्या, पण त्या इंग्लिशमध्ये! कंपनीच्या मॅन्युअलची झेरॉक्स. तिथल्या नर्सताई ओशाळून म्हणाल्या की तुमची वस्तू आम्हाला सांभाळता आली नाही. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वस्तू त्यांची होती. आम्हीच ती आमची ठेवली होती.

सव्वाशे वर्षांपूर्वी, वीज नसलेल्या गावात एका परक्या माणसाला जे कळलं, ते मला आठ सेमिस्टरच्या अभ्यासक्रमातल्या चार सेमिस्टर पास होऊनही कळलं नव्हतं. देणं सोपं असतं. ज्याला दिलं त्याच्या हातात ते पूर्ण सोपवणं अवघड असतं. त्यासाठी त्याची भाषा शिकावी लागते, त्याच्या शेजारी बसावं लागतं, आणि आपल्यावाचून काम चाललं तर वाईट वाटून न घेण्याची तयारी ठेवावी लागते.

आम्ही परत वर्गणी काढली. यावेळी बॅटरी घेऊन गेलो तेव्हा नारळ नव्हता. गावातल्या आयटीआय करणाऱ्या एका मुलाला आणि नर्सताईंना बसवून सगळं खोलायला लावलं, परत जोडायला लावलं. मी हात लावला नाही, नुसती बघत बसले. (हे भयंकर अवघड असतं. हात शिवशिवतात.) त्या मुलाने पहिल्यांदा वायर उलटी लावली, दुसऱ्यांदा बरोबर लावली. भिंतीवर ऑईलपेंटने मराठीत पाच ओळी लिहिल्या. त्यातही मी एक ऱ्हस्व-दीर्घ चुकवला होता, तो त्या मुलाने दुरुस्त केला.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. पॅनलचा एक नट गंजला होता, तो त्याने बदलला. मला विचारायला नाही, नुसतं सांगायला फोन केला होता.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण उद्या पुण्याला, बंगळुरूला, परदेशात जातील. पगारातून देणगी देतील, कंपनीच्या सीएसआरमधून कुठल्यातरी गावाला काहीतरी देतील. जरूर द्या. कॉन्व्हर्स यांनी पैसे दिले नसते तर मिरजेचा दवाखाना १८९४ मध्ये उभा राहिला नसता. पण देताना एवढं बघा की तिथे शिकवणारं कुणी आहे का आणि शिकणारं कुणी आहे का. नसेल तर एक रविवार काढा आणि स्वतः जा.

आणि कधी मिरजेहून सांगलीला जायचा योग आला, रिक्षावाल्याने वानलेसवाडीचं नाव घेतलं, तर शेजारच्या माणसाला ही गोष्ट जरूर सांगा. माझ्या रूममेटने आता सांगायला सुरुवात केली आहे.